पुण्याचं मशीन आणि आमचा निरोप्या

एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतो, असं ज्याने कोणी पुस्तकात छापून ठेवलं आहे, त्याने मे महिन्यात जळगावच्या कॉलेजातली लॅब कधी उघडलेली नाही. हा माझा सरळ आरोप आहे. तो माणूस भेटलाच, तर त्याला आधी माठातलं पाणी देईन आणि मग आमच्या लॅबमध्ये बसवेन. आठ दिवस!

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत. लॅबच्या पंख्यावर धूळ साचते तसे ते साचतात. चार मित्र जमतात, चहा येतो आणि कोणीतरी विचारतं, "काय गं, तुमच्या त्या सुपरकॉम्प्युटरचं काय झालं?" की पंखा सुरू झालाच म्हणून समजा.

आधी माणसं सांगते. मी जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवते. आमचे विभागप्रमुख चौधरी सर निवृत्तीला आले आहेत. लॅब सांभाळतात पंढरी नाना, मूळचे पारोळ्याकडचे. धुळ्याच्या एका कॉलेजात माझ्यासारखाच तासिकांवर जगणारा माझा वर्गमित्र संदीप आहे. आणि प्रमिला, आमची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा.

प्रमिलाची आई केळीच्या बागांत कामाला जाते. उन्हाळा संपता संपता वादळी वारा येतो आणि तासाभरात उभी बाग आडवी होते. पण सगळ्या बागा पडत नाहीत. एक पडते, तिच्या बांधाला लागून असलेली दुसरी तशीच उभी राहते. का? प्रमिलाला हेच शोधायचं होतं. डोंगरातून वारा कसा उतरतो, याचा बारीक नकाशा काढायचा होता. हे गणित आमच्या लॅबवर सोडलं असतं तर उत्तर येईपर्यंत प्रमिला आजी झाली असती. म्हणून पुण्याकडच्या एका केंद्राकडे अर्ज केला. जळगाव-धुळे मिळून त्यांच्या सुपरकॉम्प्युटरवर सहा महिन्यांचं खातं मिळालं. अट एकच. मुदतीच्या आत एक रन, म्हणजे एक अख्खं गणित, पूर्ण करून नकाशा दाखवा. दाखवला तर खातं पुढे चालू आणि प्रमिलाला त्या केंद्रात वर्षभराचं प्रशिक्षण. नाही दाखवला, तर राम राम.

आमच्या लॅबमध्ये तीन पिढ्यांचे कॉम्प्युटर नांदतात आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. म्हणून पुण्याच्या मशीनशी बोलणारा प्रोग्रॅम आम्ही जावा भाषेत लिहिला. ज्या कॉम्प्युटरवर जावा आहे, तिथे तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा चालायला हवा. पेन ड्राइव्हवर मावेल एवढाच तो. इथलं काम न्यायचं, तिथल्या रांगेत लावायचं, झालं की निकाल घरी आणायचा. प्रमिलाने त्याचं नाव ठेवलं निरोप्या.

*

सुपरकॉम्प्युटर 'आला', ही बातमी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचली. 'आला' हा शब्द कोणी वापरला, याचा तपास अजून चालू आहे! अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणतात. ते पंधरा माणसं घेऊन उद्घाटनाला हजर झाले. लॅबमध्ये चौफेर नजर फिरवली.

"कुठे आहे?"

"पुण्याला," सर म्हणाले.

"मग मी इथे काय करतोय?"

सरांना घाम फुटला. पण नानांनी सोय करून ठेवली होती. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तो पुन्याले जास कोठून?" मी भिंतीतून निघालेली निळी केबल दाखवली होती. नानांनी बाजारात जाऊन केबलला शोभेल अशी निळी फीत आणली आणि तिथेच फूल काढून बांधली. रंग असा जुळवला होता की फीत कुठली आणि केबल कुठली, ते लांबून कळत नव्हतं.

जवळूनही कळलं नाही. आबासाहेबांनी कात्री चालवली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. फीत तुटली आणि तिच्याबरोबर केबलही.

मोठ्या पडद्यावर निरोप्या उघडा होता. त्याने लगेच कळवलं : संपर्क तुटला आहे.

आबासाहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं, कात्री तबकात ठेवली आणि म्हणाले, "चला, एक काम मार्गी लागलं!"

*

संदीपचा धुळ्याहून फोन. "तुझा निरोप्या इथे चालत नाही."

"चाललाच पाहिजे. जावा आहे ना?"

"आहे."

"मग चालेल."

"चालत नाही म्हणतोय ना!"

मला हे सहनच होत नाही. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच शहरातल्या माणसांनी मोठी मशिनं वापरावीत आणि बाकीच्यांनी त्यांचे फोटो पाहावेत, याचा मला राग आहे. त्या रागाच्या भरात मी भर मे महिन्यात दुपारची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत अडीच तासांनी भाजून निघालेली मी धुळ्याच्या लॅबमध्ये पोचले.

निरोप्यात काहीच चूक नव्हती. कॉम्प्युटरच्या आतला सेल संपला होता, त्यामुळे दर वेळी सुरू झाल्यावर तो फार जुनी तारीख दाखवायचा. पुण्याचं मशीन दारातच तारीख तपासतं. असल्या जुन्या काळातून आलेल्या पाहुण्याला ते आत कशाला घेईल? त्या कॉम्प्युटरच्या मते मी अजून आठवीत होते.

"तारीख कोणीच पाहिली नाही का?" मी जरा चिडूनच विचारलं.

तिथले लॅब सांभाळणारे काका दुखावले. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "घड्याळ तं देखा मॅडम, मिनिटना फरक नही!"

खरंच नव्हता. नाण्याएवढा सेल बदलायला दहा मिनिटं लागली. संदीप म्हणाला, "आता आलीच आहेस तर शेवभाजी खाऊन जा. म्हणजे फेरी वाया गेली असं वाटणार नाही."

*

सुपरकॉम्प्युटरवर काम पाठवलं म्हणजे ते लगेच सुरू होत नाही. देशभरातून कामं येतात, रांग लागते. सरांना हे पटवायला मला एक आठवडा लागला.

"आपला नंबर कितवा?"

"एकशे बारावा, सर."

"तिथे ओळखीचं कोणी?"

"सर, ती मशीनची रांग आहे. ओळख चालत नाही."

"तुम्ही अजून लहान आहात," सर म्हणाले आणि फोन हातात घेतला. संध्याकाळपर्यंत त्यांनी शोध लावला. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा त्याच केंद्राच्या आवारात वायरिंगच्या कामावर होता. सरांनी त्याला सांगितलं, "जरा आत जा आणि आपलं काम पुढे घ्यायला सांग. माझं नाव सांग."

मी कपाळाला हात लावून बसले. अर्ध्या तासाने भाच्याचा फोन आला. सरांनी मला ऐकवायला स्पीकर चालू केला.

"मामा, काचेतून बघून आलो. आत नुसती कपाटं आहेत, गार वारा सुटलाय आणि माणूस एकही नाही. नाव कोणाला सांगू?"

*

खातं सरांच्या नावावर, म्हणून दर वेळी आत शिरायचं तर सहा आकडी ओटीपी सरांच्या मोबाइलवर जायचा. दोन मिनिटांत टाकला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

एकदा प्रमिलाच्या कामात एक चूक राहिली होती आणि ते रांगेतून लगेच मागे घ्यायला हवं होतं. सर एरंडोलला त्यांच्या भाचीच्या लग्नात होते. मी फोन केला. सर मामा होते, आणि मामा कुठे उभा असतो ते सांगायला नको. मंगलाष्टकं सुरू, अंतरपाट धरलेला, नवरीच्या पाठीशी सर. पण माणूस कर्तव्यदक्ष! त्यांनी फोन उचलला. मला फक्त बँड ऐकू आला.

"सर, व्हिडिओ करा! बोटांनी दाखवा!"

सरांनी एका हातात फोन धरला, ओटीपी वाचला आणि दुसरा हात उंच करून आकडे दाखवायला सुरुवात केली. चार बोटं. दोन बोटं. मग पुढचा आकडा शून्य. शून्य कसं दाखवायचं? सरांनी हवेत घट्ट मूठ आवळली. पुढचाही शून्य. पुन्हा मूठ, आणखी जोरात.

काम मागे घेता आलं. पण नेमका त्याच क्षणी फोटोग्राफरने फोटो काढला. आज त्या अल्बममध्ये मधोमध लाजलेली नवरी आहे, समोर हार घेतलेला नवरा आहे आणि मागे, दात-ओठ खाऊन मूठ उगारलेले सर.

नवऱ्याकडचे लोक अजून हळूच विचारतात, "मामांचा या लग्नाला विरोध होता का?"

*

पावसाळ्यात प्रमिला सुट्टीला घरी गेली होती आणि एक काम तातडीने पाठवायचं होतं. तिच्याकडे लॅपटॉप नाही. तिने रावेरच्या रस्त्यावरचं केळी पॅकिंगचं केंद्र गाठलं, जिथे तिची आईही अधूनमधून कामाला असते. तिथे खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा एक कॉम्प्युटर आहे. प्रमिलाने बघितलं, लेबलांचा प्रोग्रॅम जावावरच चालत होता! केळी धुतल्याच्या ओल्या वासात, खोक्यांच्या थप्पीला टेकून, तिने पेन ड्राइव्ह लावला आणि निरोप्या पहिल्या फटक्यात सुरू झाला.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी स्टाफ रूममध्ये उडी मारली, हे कबूल करते.

केंद्राचे मालक भास्कर आबा मागे येऊन उभे राहिले.

"कुठी चाललं गं हे?"

"पुण्याला, आबा."

"गाडी कोणती?"

"गाडी नाही आबा, नेटवरून. पोचलंसुद्धा."

आबांनी केळीचा घड पारखावा तसं स्क्रीनकडे पाहिलं. "आमची गाडी दोन दिवसांत दिल्लीला पोचते. पोचली म्हणजे काय झालं? बाजाराच्या दारात उभी असते. पोचलं काय विचारायचं? उतरलं का, ते बघ."

प्रमिलाने बघितलं. काम उतरलं नव्हतं. आम्ही मागितलेला वेळ एका कामाला मिळणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त होता, म्हणून ते दारातच अडलं होतं. आबा मागे नसते तर ती खुशीत घरी गेली असती आणि आमचा आठवडा वाया गेला असता. तिने कामाचे दोन तुकडे केले आणि पुन्हा पाठवलं.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये 'रन सुरू झाला का' असं कोणी विचारत नाही. एकदा पुण्याच्या साहेबांशी व्हिडिओवर मीटिंग चालू असताना मागून नाना ओरडले, "मॅडम, उतरलं का?" साहेबांनी काळजीने विचारलं, "कोणाचा ताप?"

*

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय मला कोणी चहावरून उठू देत नाही.

सहा महिन्यांत आमचे रन पडले, अडले, मागे घेतले गेले. हातात शेवटचा आठवडा उरला. प्रमिलाने सगळं पुन्हा तपासलं, काम पाठवलं, ते उतरलं आणि सुरूही झालं. मुदत संपायची तारीख आणि वेळ आम्हाला पाठ होती : संध्याकाळी सहा. त्यानंतर खातं बंद, आतला निकालही आतच. फक्त त्या तारखेला दसरा आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी बाराला फोनवर संदेश आला. रन पूर्ण! मी धावत कॉलेजवर गेले. लॅबला कुलूप, बाहेर नाना, नवीन टोपी घातलेले. खिडकीतून दिसलं, आतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडूच्या माळा चढल्या होत्या.

"नाना, दहा मिनिटं फक्त."

"पूजा व्हई गयी, मॅडम. आते सकायलगून हात नही लावनं."

उद्यापर्यंत नाही म्हणजे नाही. मी सरांना फोन केला, तर त्यांच्या घरचा कॉम्प्युटर पूजेत. संदीपला केला, तर लॅबला कुलूप आणि त्याचा लॅपटॉप वडिलांच्या नांगराशेजारी पाटावर. प्रमिलाने भास्कर आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आज ट्रकच्या चाकालासुद्धा हात नाही, पोरी." नेट कॅफे बंद. फोनवर निरोप्या चालवायचं करून बघू म्हणत राहूनच गेलं होतं. एवढा कुठेही चालणारा प्रोग्रॅम, आणि अख्ख्या खानदेशात त्याला बसायला जागा नाही!

उरला माझा लॅपटॉप. घरी आले. आईने देवासमोर पाट मांडला होता. आई शिवणकाम करते. पाटाजवळ तिचं मशीन, पाटावर कात्र्या, बाबांचा टेस्टर आणि पक्कड, आणि मधोमध माझा लॅपटॉप. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक.

मी विज्ञानावर बोलले, सातपुड्यावर बोलले, लहान शहरांवर होणाऱ्या अन्यायावर बोलले. शेवटी आवाज चढला.

"वर्षातून एक दिवस बसतात बिचारी," आई म्हणाली. "त्या दिवशीही तुझं काहीतरी निघतंच."

तीन वाजता प्रमिला आली. रावेरहून एसटीने, हातात पेन ड्राइव्ह आणि पिशवीत पाड्यावरून आणलेली आपट्याची पानं. मी दारातच तिला सांगितलं की जमत नाहीये. तिने चप्पल काढली, आत जाऊन पाटासमोर बसली, हात जोडले. मग आईला म्हणाली, "मावशी, काम तर पुण्याच्या मशीनने केलं. ते झालं पण. ह्याला आज काम नाही करायचं. झालेलं फक्त घरात घ्यायचंय."

आईने लॅपटॉपवरचं फूल सारखं केलं.

"दसऱ्याला घरात येणाऱ्याला नाही म्हणू नये," ती म्हणाली. "पण पाटावरून हलवायचा नाही. आणि फूल पडू द्यायचं नाही."

त्यामुळे मी देवघरात फरशीवर पालथी झोपले आणि झेंडूच्या फुलांमधून हात घालून लॅपटॉप उघडला. एका बटणाखाली अक्षता अडकली होती. सरांनी ओटीपी आकडा आकडा करून दोनदा वाचून दाखवला. निरोप्या आत गेला आणि निकाल यायला लागला. हळू. फार हळू. चार वाजले, पाच वाजले. चार्जरची पिन सैल होती, ती प्रमिला दोन्ही हातांनी धरून बसली होती. साडेपाचला आईने निरांजन लावलं.

तेवढ्यात शेजारच्या सुमन अक्का सोनं द्यायला आल्या. दारातूनच त्यांना दिसलं ते असं : मी पालथी, प्रमिला हात जोडल्यासारखी, आई तबक घेऊन उभी.

"काय व्हयनं?"

"पुण्याहून वारा यायचाय," आई म्हणाली. "सहाच्या आत."

अक्काही तिथेच बसल्या.

सहाला सात मिनिटं असताना निकाल पूर्ण उतरला. प्रमिलाने नकाशा उघडला. सातपुड्याची काळी रांग, तिच्यातून केसांच्या बटांसारखा खाली येणारा वारा. तिने पिन सोडली आणि एका लाल चौकोनावर बोट ठेवलं. "ही बाग गेल्या वर्षी पडली. आई त्या दिवशी तिथेच होती." मग बोट जरा सरकवलं. शेजारचा चौकोन निळा होता. "ही नाही पडली."

अक्कांनी नकाशा नीट बघितला. माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"बाकी बठ्ठं चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन आम्ही तं विळी पूजाले लावतस म्हनीसन भाजी आदला दिनच चिरी ठेवतस. तुमना त्या पुनाना मशीनले हाई कोनी सांगं नही का?"